गोराईच्या वाऱ्यात बिनपुंगळीचं काडतूस

गेले दोन आठवडे आपल्या गावात मला जो भेटतो तो एकच विचारतो, नाना कुठे आहेत. चहाच्या टपरीवर विचारतात, संघटनेच्या कचेरीत विचारतात, आणि मी काढतो त्या पत्रिकेचे वर्गणीदार तर जास्तच विचारतात, कारण मागच्या अंकात मी ठळक अक्षरांत छापलं होतं की दिवाळीनंतर नाना स्वतःच्या हाताने कामगार संघटनेची हकिगत लिहिणार आहेत. दिवाळीनंतर मी नानांना घेऊन मुंबईच्या उपनगरांत गेलो होतो. चार दिवस. त्या चार दिवसांत काय झालं ते एकदाच सगळ्यांना सांगून टाकतो.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं मागचं. आमच्या गावाला काडतुसांचा सरकारी कारखाना आहे आणि माझे वडील, म्हणजे नाना, तिथे बत्तीस वर्षं पुंगळी सेक्शनला होते. पितळेची चकती दाबत दाबत लांब करत न्यायची, मध्येमध्ये भट्टीत तापवून मऊ करायची, आणि शेवटी जी नळी होते ती पुंगळी. तिच्या पोटात दारू, तोंडाशी गोळी, बुडाशी ठिणगी देणारी टिकली. गोळी सुटली की पुंगळी रिकामी होऊन बाजूला पडते. नाना संघटनेचे चिटणीस होते, त्यामुळे आमच्या घरात पाठ्यपुस्तकांआधी पत्रकं आली. मी अक्षरं ओळखायला शिकलो ती 'कामगार बंधूंनो' या दोन शब्दांवर. पुढे मीही पत्रकं लिहू लागलो, पण माझी शस्त्रांच्या विरोधात. कामगाराचा हक्क मान्य, काडतूस अमान्य, अशी माझी भूमिका आहे. चौदाव्या वर्षी मी ठरवलं की काडतुसाला हात लावायचा नाही, आणि ते पाळलं. नानांनी त्यावर वाद घातला नाही. 'बरं' म्हणाले आणि पेपर वाचत बसले.

शलाका शेजारच्या क्वार्टरमधली. शाळेत असल्यापासून आमच्या ओट्यावर नानांसमोर बसायची. पितळ का वाकतं, का तडकतं, तापवलं की मऊ का पडतं, असले प्रश्न विचारायची. नाना कारखान्यातलं काही सांगत नसत; स्वयंपाकघरातून तांब्या आणि वाटी आणून त्यांवर समजावून सांगत. आता ती इंजिनियर आहे, मुलुंडला राहते आणि मरोळच्या एका छोट्या कंपनीत बिनपुंगळीचं काडतूस बनवायच्या खटपटीत आहे. पितळ नाहीच. दारूच साच्यात दाबून कडक वडी करायची, गोळी तिच्यातच रोवायची, वर पातळ लेप द्यायचा. घोडा ओढला की सगळं जळून जावं, मागे काही उरू नये. वजन निम्म्यावर येतं, सैनिक जास्त बरोबर नेऊ शकतो. युरोपात एका देशाने यासाठी वर्षानुवर्षं घालवली, बंदूकसुद्धा तयार केली आणि मग सगळं गुंडाळून ठेवलं. तेच आपल्याकडे पुन्हा.

तिने नानांना बोलावलं. गुडघ्यामुळे ते एकटे जाऊ शकत नव्हते, म्हणून मी. माझा हेतू लपवत नाही. हे काडतूस झालं तर पुंगळी सेक्शन बंद पडेल. नाना ते डोळ्यांनी पाहतील, संतापतील, माझ्याबरोबर परत येतील आणि आधी त्याच्यावर लिहितील. मी पत्रिकेची आठ पानं मोकळी ठेवून निघालो होतो.

पहिला दिवस : मुलुंड

शलाकाचा नवरा जहाजावर असतो. घरी ती आणि तिच्या सासूबाई. सासरे गिरणीत होते, माणसं मूळची मालवणकडची. दार उघडल्या उघडल्या शलाका नानांच्या पाया पडली आणि मला म्हणाली, "काय मिल्या, क्रांती झाली का?"

"तुझी वाट बघतोय," मी म्हटलं.

"मग बस वाट बघत. आत ये आधी."

आमच्याकडे पाहुण्याला शेवभाजी आणि कळण्याची भाकरी केली की पाहुणचार झाला. इथे ताटात तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं, भात, आणि वाटीत गुलाबी सोलकढी. शिंपल्यातून मांस कसं काढायचं मला कळेना. मी एक शिंपला चमच्याने उचकटायला गेलो तो उडून नानांच्या भातात पडला. सासूबाई हसून म्हणाल्या, "हातान खा रे झिला, लाजतंस कित्याक? चमचो मेलो कोणी दिल्यान तुका?" नाना मात्र शलाका कसं करते ते बघून तसंच करत होते. दोन बोटांत धरायचं, दातांनी ओढायचं. पाच मिनिटांत त्यांना जमलं. मला जेवण संपेपर्यंत जमलं नाही.

जेवताना मी विषय काढलाच. म्हटलं, "शलाका, रिकामी पुंगळी हा पुरावा असतो. मोर्चावर गोळीबार झाला की लोक आधी रस्त्यावरच्या पुंगळ्या उचलतात. किती झाडल्या, कुठून झाडल्या, ते त्यावरून सांगता येतं. तू अशी गोळी बनवतेयस की झाडणारा हात झटकून मोकळा."

हा मुद्दा मी येताना रस्ताभर घोळवला होता. मला वाटत होतं नाना मान डोलावतील.

शलाका शिंपला ताटात ठेवत म्हणाली, "गोळी राहतेच ना रे. अंगात."

सासूबाईंनी सोलकढीचं भांडं पुढे सरकवलं. मग नाना बोलले, पण माझ्याशी नाही. "शालू, पुंगळी म्हणजे नुसतं भांडं नाही हं. ती बाहेर पडते तेव्हा आग बरोबर घेऊन जाते. तुझ्या बंदुकीत ती आग जाणार कुठे?"

"तेच तर, नाना. राहते. नळी तापते. आणि तापलेल्या नळीत पुढची वडी नुसती ठेवली तरी आपोआप उडू शकते."

"मग?"

"मग तुम्हाला बोलावलंय."

नानांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आमच्या घरात फार क्वचित पाहिलंय. माझा अंक छापून आला की ते चष्मा लावतात, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात, 'छान' म्हणतात आणि घडी घालून ठेवतात. त्या रात्री जेवणानंतर दोघं जण सासूबाईंच्या पानाच्या डब्याची झाकणं काढून त्यांच्याशी काहीतरी करत बसले. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. समोर डोंगराची काळी कड आणि तिच्या पायाशी उंच इमारतींचे दिवे. डोंगर इतका जवळ असून कुणाला त्याची पर्वा दिसत नव्हती. मला त्या डोंगराबद्दल आपुलकी वाटली.

दुसरा दिवस : मरोळ

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत शलाकाच्या कंपनीचा एक गाळा आहे. खाली साचे आणि दाबयंत्र, वर पोटमाळ्यावर संगणक. दारूचा कणही तिथे येत नाही. वड्या बनतात त्या नकली भुकटीच्या. ती भुकटी दारूसारखीच ओल पिते, आणि ओल प्यायली की पांढरी पडून फुगते. खरी दारू, खऱ्या चाचण्या सगळं सरकारी जागेत, लांब. हे मला नंतर कळलं, कारण मी आत गेलो नाही. दारातच सांगितलं की तत्त्वाचा प्रश्न आहे.

"ये रे, चहा तरी घे," शलाका म्हणाली.

"समोर टपरी आहे."

"तिथला चहा गोडमिट्ट असतो."

"चालेल."

नाना माझ्या खांद्यावरचा हात काढून काठीवर टेकले आणि तिच्याबरोबर आत गेले. मी टपरीच्या बाकावर साडेतीन तास बसलो. चहा खरंच गोडमिट्ट होता. जेवणाच्या सुट्टीत गाळ्यागाळ्यांतून कामगार बाहेर आले तेव्हा मी पिशवीतली पत्रकं वाटली. आमच्याकडे पत्रक हातात पडलं की माणूस उभ्याउभ्या दोन ओळी तरी वाचतो आणि मग वाद घालतो. इथे लोक घेतात, खिशात घालतात आणि चालू लागतात. वाद घालायला कुणाला वेळ नाही. एक वॉचमन परत आला तेव्हा मला बरं वाटलं. त्याने विचारलं, "यात भरतीचा फोन नंबर कुठाय?"

चारच्या सुमाराला नाना बाहेर आले. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, हाताला पांढरी भुकटी. मागून शलाका बोलत येत होती आणि नाना न वळता म्हणत होते, "चूक. साफ चूक. कोपरा गोल कर आधी. ओल कोपऱ्यातून शिरते."

"पण साचा पुन्हा करावा लागेल, नाना."

"मग कर. चुकीचा साचा ठेवून काय पूजा करायचीय?"

ती हसली. मी बाकावरून बघत होतो आणि मला एक गोष्ट कळली, जी न कळती तर बरं झालं असतं. नानांनी मला आजवर कधी 'चूक' म्हटलेलं नाही. माझ्या एकाही मुद्द्यावर ते असे तुटून पडले नाहीत. ज्याच्या कामात तुम्हाला रस असतो त्याला तुम्ही चूक म्हणता. ज्याचं मन राखायचं असतं त्याला छान म्हणता.

रिक्षात मी विचारलं, "कसं वाटलं?"

"हुशार आहे पोरगी."

"नाना, हे झालं तर आपला सेक्शन जाईल."

"जाईल," ते म्हणाले. "उद्या गोराईला जायचंय, लवकर उठव मला."

तिसरा दिवस : गोराई

बोरिवलीच्या बाजूने खाडीपर्यंत गेलं की बोट मिळते. दहा मिनिटांत पलीकडे. मुंबईत असं काही असेल हे मला सांगूनही पटलं नसतं. खारफुटी, चिखल, बगळे, आणि पलीकडच्या काठावर क्रूस असलेली पांढरी घरं. बोटीत लोकांनी मोटरसायकली चढवल्या होत्या, आणि एका मोटरसायकलवर माझी पॅंट अशी अडकली की उतरताना गुडघ्यापाशी टरकली. शलाका म्हणाली, "आता दिसतोस क्रांतिकारक."

इथे काय होतं ते सांगतो. बिनपुंगळीच्या काडतुसाला दोन शत्रू, उष्णता आणि ओल. पितळ दारूला हवेपासून झाकून ठेवतं. पितळ काढलं की सगळी भिस्त त्या पातळ लेपावर. तो लेप शलाकाने बनवलाय. चाचणीच्या यंत्रात सोडलेली ओल वेगळी आणि समुद्राची वेगळी, म्हणून तिने गोराईत मार्था आंटींच्या घराची एक खोली घेतली आणि नकली वड्या सहा आठवडे तिथे ठेवल्या. काही उघड्या, खिडकीत टांगलेल्या. सहा वड्या पत्र्याच्या डब्यात, वर चिकटपट्टी आणि तिच्यावर शलाकाची सही. उघड्या वड्या खराब होणारच होत्या; त्या फक्त किती दिवसांत जातात ते बघायचं होतं. खरी परीक्षा डब्यातल्या सहांची, कारण काडतुसं साठवतात ती डब्यातच. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचे भागीदार कर्णिक साहेब येऊन तो डबा उघडणार होते. सहाही चांगल्या निघाल्या तर शलाकाचा लेप सरकारी चाचणीला जाणार आणि नानांना सहा महिने सल्लागार म्हणून ठेवणार. एक जरी बिघडली तर लेप रद्द, आणि दुसऱ्या भागीदाराची धातूच्या वेष्टनाची पद्धत घेणार. तिथे ना शलाकाचं काम होतं, ना नानांचं.

हे मला शलाकाने बोटीत सांगितलं. सहा महिन्यांचं पहिल्यांदाच ऐकलं. मी नानांकडे पाहिलं. ते बगळे बघत होते.

मार्था आंटी साठीच्या, अंगात फुलाफुलांचा झगा, आवाज खणखणीत. घरासमोर बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घातलेले. शलाकाला बघून म्हणाल्या, "आयली का गो. तुजे साबन बरे हाईत. माज्या बोंबलांवर मांजर बसला तरी चालल, पन तुज्या साबनाच्या खोलीचा दार उघरा नाय ठेवला मी."

"साबण नाही आंटी, किती वेळा सांगू."

"साबनच दिसते. वास पन येत नाय, काय कामाचा."

खोलीत शलाकाने टांगलेली एक वडी उतरवली, उजेडात फिरवली आणि खालच्या ओठाला लावली. डोळे मिटले. मग वडी नानांना दिली. त्यांनीही तसंच केलं.

ही नानांची पद्धत. घरात नवा तांब्या आला, शेजारणीची तुटकी बांगडी आली, काहीही धातूचं आलं की ते काठावरून नख फिरवतात आणि मग ओठाला लावतात. ओठाला हाताहून जास्त कळतं म्हणतात. मी हे लहानपणापासून बघत आलोय आणि मला वाटायचं ही आमच्या घरातली गोष्ट आहे. तिने तर नख फिरवलंसुद्धा नाही. अर्धंच उचललं होतं, आणि तरी नाना तिच्याकडे कौतुकाने बघत होते.

"खारट," ती म्हणाली.

"आणि खरखरीत," नाना म्हणाले.

दुपारी आंटींनी जेवायला वाढलं. लाल मसाल्याची कोळंबी आणि फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे. आमच्याकडे असलं काही फक्त गोड असतं. मी सात खाल्ले. जेवून नाना ओसरीवर आडवे झाले. शलाका फोनला रेंज मिळावी म्हणून किनाऱ्याकडे गेली. आंटी बोंबील उलटत होत्या. खोली उघडीच होती.

मी स्वतःला सांगितलं की फोटो काढायचा आहे. पत्रिकेत फोटो आला तर लोकांना कळेल आपल्याविरुद्ध काय शिजतंय. खाऱ्या हवेने चिकटपट्टी सैल झाली होती, सही न फाटता निघाली. आत कापसावर सहा वड्या, गडद तपकिरी, गुळगुळीत. मी फोटो काढला. मग एक वडी उचलली. चौदाव्या वर्षापासून पाळलेला नेम तिथे मोडला, मग ती नकली का असेना. मी काठावरून नख फिरवलं, नाना फिरवतात तसं, सबंध. मग ओठाला लावली आणि डोळे मिटले.

काही कळलं नाही. गार लागलं, एवढंच. मी पुन्हा नख फिरवलं, जरा दाबून, पुन्हा लावली. काही नाही. तिला काय कळतं, नानांना काय कळतं, मला का कळत नाही. बाहेर आंटींनी मांजराला हाकललं तेव्हा मी वडी कापसावर ठेवली, झाकण लावलं आणि पट्टी दाबून बसवली.

चौथा दिवस : पुन्हा गोराई

रात्री आम्ही आंटींकडेच राहिलो. कर्णिक साहेब पहिल्या बोटीने आले. चाळिशीचे, सौम्य, सतत घड्याळ बघणारे. आंटींनी सगळ्यांना चहा दिला. शलाकाने पट्टी काढली. ती इतक्या सहज निघाली की शलाकाने आपली सही एकदा निरखून पाहिली.

पाच वड्या तशाच होत्या. सहावीच्या काठाला पांढरी रेघ उमटली होती आणि रेघेवर फुगवटा.

शलाकाने ती वडी उलटसुलट करून पाहिली. चेहरा उतरत गेला. "एकच कशी?" ती स्वतःशीच म्हणाली. "लेप सगळ्यांना एकाच वेळी दिलाय."

"सहापैकी एक म्हणजे फेल," कर्णिक म्हणाले. रागावून नाही, खरंच वाईट वाटून. "शलाका, मी तुझ्या बाजूने होतो, तुला माहितीये. पण असल्या मालात शंभरातला एक चालत नाही. आता वेष्टनाचंच बघू. नाना, तुम्हाला उगाच त्रास दिला."

"त्रास कसला," नाना म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "मिलिंदा, उद्याची गाडी मिळते का बघ."

मला जे हवं होतं ते सगळं त्या वाक्यात होतं. नाना परत येणार, आठ पानं भरणार, सेक्शनवर आलेलं संकट निदान लांबणार. माझ्या तत्त्वाचा विजय होत होता आणि मला फक्त गप्प बसायचं होतं. मी चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यालो. शलाका खिडकीशी पाठमोरी उभी होती. तिचे खांदे हलत नव्हते. ती रडत असती तर कदाचित मी गप्प बसलो असतो. पण ती वडी ओठाला लावून उभी होती. अजून शोधत होती, आपलं काय चुकलं ते.

"डबा मी उघडला होता," मी म्हटलं. "काल दुपारी. फोटो काढायला. आणि या वडीवर नख फिरवलं."

बाहेर आंटी कुणाशी तरी मासळीच्या भावावरून हुज्जत घालत होत्या.

शलाका वळली. "नख? नख कशाला?"

"नाना फिरवतात. आधी नख, मग ओठ."

"पितळावर," ती म्हणाली. "पितळावर, मिल्या. हा लेप कागदाहून पातळ आहे. मरोळला नाना पहिल्याच वडीवर नख फिरवायला गेले तेव्हा मी हात धरला त्यांचा. तेव्हा तू बाहेर चहा पीत होतास."

नाना माझ्याकडे बघत होते. रागाने बघत असते तर मला सोपं गेलं असतं. मी वडीला हात लावला याचंच त्यांना नवल वाटत होतं.

कर्णिकांनी फोटो पुसायला लावला. मी पुसला. पाहुणा म्हणून आत शिरून चोरलेला पुरावा छापायचा नसतो, एवढं मलाही कळतं. मग ते म्हणाले, पाच वड्या चांगल्या आहेत, म्हणजे लेपात दम दिसतो, पण डबा उघडला गेल्यावर या चाचणीला अर्थ नाही. पुन्हा सहा आठवडे, नव्या वड्या, आणि या वेळी इथे कुणीतरी राहिलं पाहिजे.

"मी नाय राखत बाबा," दारातून आंटी म्हणाल्या. "मला माजे बोंबील हाईत."

"मी थांबतो," नाना म्हणाले. "मिलिंदा, तिकीट एकाच माणसाचं काढ."

आंटींनी लगेच विचारलं, रोज कोळंबी चालेल का. नाना म्हणाले, शिकतोय.

मला बोटीपर्यंत सोडायला दोघंही आले. नाना हळू चालत होते, म्हणून शलाका माझ्याबरोबर पुढे आली.

"गप्प बसला असतास तर ते तुझ्याबरोबर आले असते. कळतंय ना?"

"कळतंय."

"मग का बोललास?"

"तू काडतूस बनवू नयेस असं माझं आजही मत आहे. छापणार आहे मी ते."

"छाप ना. पण ते उत्तर नाही झालं."

"दुसरं नाहीये माझ्याकडे."

"वेडा आहेस यार," ती म्हणाली आणि माझ्या फाटक्या पॅंटीकडे बघून हसली. मला तिचा अजून राग येत होता. खरं सांगायचं तर राग नव्हता, हेवा होता. तो एका कबुलीने जात नाही.

धक्क्यावर नाना आले तेव्हा मी म्हटलं, "पत्रिकेची आठ पानं मोकळी ठेवलीत मी. तुमच्यासाठी."

नाना काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. "तुझं सगळं ठरलेलं असतं रे. मी काय लिहावं तेही तुझं ठरलंय. त्यात मी लिहिलं काय, तू लिहिलंस काय. ही विचारते. तिला माहीत नसतं, म्हणून विचारते. मग मलाही कळतं की आपल्याला काय काय माहीत आहे."

बोट लागली. मोटरसायकली चढू लागल्या. मला चढायला हवं होतं. मी म्हटलं, "नाना, नख का फिरवता तुम्ही?"

ते जरा बघत राहिले, मी टोमणा मारतोय की काय म्हणून. मग त्यांनी बोटवाल्याला हाताने खूण केली, जा तू. धक्क्याशेजारी उलट्या घातलेल्या होडीवर बसले आणि मला बसायला जागा केली.

"इंग्रजांच्या काळात," ते म्हणाले, "इथल्या पावसाळ्यात पितळी काडतुसं नुसती ठेवल्या ठेवल्या तडकायची. कुणी हात लावलेला नाही, झाडलेली नाहीत, आणि चिरा. कुणाला कळेना. शेवटी कळलं की ती घोड्यांच्या तबेल्याजवळ ठेवलेली असत. घोड्याच्या मुताचा जो उग्र वास सुटतो, तो दमट हवेतून पितळात शिरायचा. पितळ दाबून बनवलेलं, आतून ताणलेलं असतं. त्या ताणावर तो वास बसला की चीर. म्हणून मग तोंड तापवून मऊ करायला लागले, ताण सोडवायला. ती चीर डोळ्याला दिसायच्या आधी नखाला लागते. मला माझ्या उस्तादाने शिकवलं, त्याला त्याच्या. पितळही एके काळी असंच नाजूक होतं, मिलिंदा. पोलाद नव्हतं ते."

बत्तीस वर्षांत हे त्यांनी घरात कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं. मी पुढचा प्रश्न शोधू लागलो. त्या उस्तादाचं नाव विचारावं, की तबेल्याचं कुणी शोधून काढलं ते विचारावं.

"नाना," शलाका म्हणाली. ती आमच्यासमोर उकिडवी बसली होती. "इथे सगळीकडे मासळी सुकतेय. तिलाही तसाच उग्र वास सुटतो. मी सहा आठवडे समजतेय की मी खाऱ्या हवेची चाचणी घेतेय. लेपावर नक्की कोण बसतंय, मीठ की बोंबील?"

नाना तिच्याकडे वळले. पूर्ण वळले, गुडघ्यासकट. "हे आधी का नाही विचारलंस?"

"आत्ता सुचलं. तुम्ही घोडा म्हणालात तेव्हा."

"मग दोन खोल्या पाहिजेत. एक इथे, एक वाऱ्याच्या वरच्या अंगाला. थांब, वारा कुठून येतो इथे?"

पुढची बोट आली. मी नानांच्या पाया पडलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने काठीने ओल्या वाळूत किनारा काढायला सुरुवात केली. बोट सुटली तेव्हा माझ्यासमोर दोन मोटरसायकली होत्या. मी लोकांचे पाय तुडवत मागच्या कडेला गेलो. तिथून ते चित्र अजून थोडा वेळ दिसणार होतं.